हातानं विचारा

सगळी गल्ली थांबली, पण मल्लू थांबला नाही.

तो रविवार तुम्हालाही आठवत असेल. रोग नुकताच आला होता आणि संध्याकाळी सगळ्यांनी दारात, गच्चीत उभं राहून थाळ्या वाजवायच्या असं ठरलं होतं. आमच्या इचलकरंजीत वाजवायचं म्हटल्यावर काय विचारता! शेवंतावहिनींनी लग्नातली पितळी परात काढली, त्यांच्या सुनेनं कुकरचं झाकण, शेजारच्या रिटायर तलाठ्यांनी देवघरातली घंटा. सगळ्यांनी दणकून वाजवलं, एकमेकांकडे बघून हसले, मोबाइलवर फोटो काढले आणि हात भरून आल्यावर चहा टाकायला आत गेले.

मी गच्चीवर होते, रिकाम्या हातानं. समोर खाली मुरदंडे शेठचा मागांचा कारखाना, कारखान्याला लागून परडं, परड्यात पाण्याचा हौद आणि हौदाच्या काठावर मल्लू. मांडीवर स्टीलची थाळी, हातात उलथनं. गल्ली गप्प झाली तरी त्याचं चालूच. आणि वाजवणंही बाकीच्यांसारखं कसंतरी नाही, एका ठेक्यात. खटक्-खटाक्, खटक्-खटाक्.

मी थोडा वेळ वाट बघितली. मग आणखी थोडा वेळ. शेवटी डोकं उठलं तशी कठड्यावरून ओरडले, "ए मल्लू! बास की आता! रोग घाबरून पार मिरजेला पोचला असंल!"

त्यानं मान वळवली, पण माझ्याकडे नाही. हौदाच्या पलीकडे, जिथं कुणीच नव्हतं, तिकडं बघून म्हणाला, "जात न्हाईत अजून."

मग मी तणतणत जिना उतरले आणि परड्याच्या फाटकाशी उभी राहून त्याला पोटभर शिव्या घातल्या. त्यावरही तो हौदाकडेच बघत होता.

मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन वरुटे. चाळिशीचा, काटकुळा, शेठच्या कारखान्यात माग चालवणारा. परड्यातल्या खोलीत एकटा राहायचा. त्याच्या कानात माणसं बोलतात. मिसरूड फुटायच्या वयापासून बोलतात. तो त्यांना 'मंडळी' म्हणतो, जशी काही पंगतीला आलेली. मंडळी चांगलं मात्र काही बोलत नाहीत. पाणी पिऊ नको, त्यात काहीतरी कालवलंय, अमक्याशी बोलू नको, तो तुझ्या वाईटावर आहे, असलं सगळं. पूर्वी त्याच्या भावांनी त्याला लांबच्या मोठ्या मनोरुग्णालयात नेऊन सोडलं होतं आणि परत आणायचं विसरले होते. तिथून बाहेर पडेपर्यंत इतकी वर्षं गेली की त्याच्या वाटणीच्या खोलीत भावाची म्हैस राहायला आली. हे तोच सांगायचा आणि हसायचा. "म्हस बरी हाय अक्का, भावापरीस. वळख तरी दाखवती."

गोळ्यांनी मंडळी हळू बोलायची आणि उरलेलं काम माग करायचे. ज्यानं कारखाना आतून बघितला नाही त्याला सांगून कळायचं नाही. सगळे माग सुरू झाले की स्वतःचं खोकणं स्वतःला ऐकू येत नाही. मग मंडळींना कोण विचारतंय? बाकीचे कामगार पाळी संपली की सुटलो म्हणायचे, मल्लू दुसऱ्या पाळीला पुन्हा हजर. शेठला वाटायचं, काय कामसू माणूस आहे!

मी त्याच कारखान्यात कांड्या भरते. कापडातला आडवा दोरा, म्हणजे बाणा, ज्या वीतभर नळीवर गुंडाळतात ती कांडी. ती धोट्यात बसवायची आणि धोटा मागावर इकडून तिकडं पळणार. दोरा संपला की दुसरी कांडी. बाणा मध्येच तुटला तर माग आपोआप थांबतो. तेवढी अक्कल लोखंडाला दिलेली आहे.

आणि मल्लूची डॉक्टर तीच माझी डॉक्टर. दवाखान्याच्या बाकावर आम्ही शेजारी बसायचो आणि तो माझ्या आजाराला नावं ठेवायचा. कारण मला काही ऐकू येत नाही, काही दिसत नाही. मला नुसतं उठवत नाही. मन उतरतं, खाली कुठंतरी जाऊन बसतं, आणि किती हाका मारल्या तरी वर येत नाही.

"ह्याला काय आजार म्हणत्यात व्हय?" मल्लू म्हणायचा. "तुज्याकडं कोण येत न्हाई की जात न्हाई. माज्याकडं बघ, कायम पै-पाव्हणं."

त्यामुळे घरात बसा, कुणाला भेटू नका, लांबून बोला, असं जेव्हा सगळ्यांना सांगण्यात आलं तेव्हा मला हसूच आलं. ह्या कामात आम्ही दोघं जुने उस्ताद. गल्लीतल्या धडधाकट बायका आठवड्याभरात रडकुंडीला आल्या. शेवंतावहिनींनी खिडकीतून विचारलं, "अक्का, एकटीनं चार भिंतीत कसे गं काढतीस दिवस?"

मी म्हटलं, "सवयीनं जमतंय वहिनी. पहिली पंधरा वर्षं जड जात्यात."

त्या रविवारपासून माग बंद झाले हे मात्र नवीन होतं. एरवी दिवाळीला नाहीतर संपाला थांबायचे, तेवढंच. आवाज गेला आणि गाव परक्याच्या घरासारखं वाटायला लागलं. लोक सवयीनं ओरडून बोलायचे आणि स्वतःच दचकायचे. नवराबायकोंना एकमेकांचं बोलणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं आणि भांडणं वाढली. मल्लूकडे तर मंडळी मुक्कामालाच आली.

थाळी सुरू राहिली. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. तो मागाचा आवाज हातानं काढत होता हे मला उशिरा का होईना कळलं, गल्लीला कळलं नाही. जेवणही सुटलं. मी भाकरी-पिठलं बांधून त्याच्या फाटकावर ठेवायचे, ते कावळे खायचे. कावळ्यांनी माझ्या हाताला कधी नाव ठेवलं नाही, पण मी त्यांच्यासाठी रांधत नव्हते.

एका सकाळी शेठ आले. नाकाला टॉवेल गुंडाळलेला, त्याखालून ढेरी.

"रत्नाक्का, खाली ये जरा."

"वरूनच ऐकते शेठ. लांब ऱ्हायचं हाय."

"तुज्या दवाखान्यातलं गिऱ्हाईक हाय ते, तूच समजाव. सगळी गल्ली माज्या दारात आलीया. तलाठी म्हणतोय, तक्रार देतो."

"तलाठ्यांची घंटा चालती व्हय मग? पहाटे पहाटे?"

"ती देवाची हाय गं!" शेठ वैतागले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याच्या भावाला फोन लावला हुता. त्यो म्हणतोय, तिकडंच नेऊन सोडा परत. गाडीचा पास मिळतोय. रविवारी येती गाडी."

"आणि परत आणणार कोण?"

शेठनं टॉवेल सारखा केला. "ते बघू की मागनं."

मागनं बघू म्हणजे काय, ते म्हशीलासुद्धा कळलं असतं. मी म्हटलं, "आणि रविवारपातुर थाळी थांबली तर? दोन घास खाऊन शाण्या माणसावाणी बोलला तर?"

"तर मला काय हौस हाय व्हय त्याला घालवायची?" शेठ म्हणाले. "माग चालू झाल्यावर असा कामगार मिळायचा न्हाई."

मी डॉक्टरबाईंना फोन केला. बाई चांगल्या. त्यांनी लगेच मल्लूला फोन लावला. मी गच्चीवरून बघत होते. त्यानं फोन कानाला लावला, नीट ऐकून घेतलं, "व्हय बाई, व्हय" म्हणाला, मग फोन जमिनीवर ठेवून त्यावर बादली उपडी घातली आणि बादलीवर दगड ठेवला.

"का रं?" मी ओरडले.

"बाईंचा आवाज काढून बोलालेत," तो हौदाला म्हणाला. "हुबेहूब काढत्यात."

बाईंनी मला पुन्हा फोन केला. "रत्नाताई, गोळ्या चुकल्यात त्याच्या. काहीही करून गोळी आणि पाणी पोटात गेलं पाहिजे. बाकीचं मग मी बघते. औषधं दुकानातून पाठवायला सांगते. तुमच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"आहेत की," मी म्हटलं.

मग मला एक अक्कल सुचली. मला अकला क्वचित सुचतात, त्यामुळे सुचली की मी तिच्यावर लगेच विश्वास ठेवते. मी शेठला म्हटलं, एक माग चालू करा. दार लावून. मागाचा आवाज कानावर पडला की मंडळी गप्प बसतील आणि हा जेवेल.

"बंदी हाय बाई! आत टाकतील मला."

"एकच माग शेठ. मांजर घोरल्यागत."

"मागाला मांजर म्हणतीस?" शेठ म्हणाले, पण त्यांचे डोळे चमकले. खरं सांगायचं तर माग थांबल्यापासून शेठलाही झोप नव्हती. जन्म त्या आवाजात गेलेला. त्यांच्या बायकोनंच मला सांगितलं होतं, शेठ दुपारी मिक्सर लावून त्याच्याजवळ पडतात म्हणून.

शेवटी दुपारी गल्ली झोपल्यावर आम्ही कारखाना उघडला. रिकामा माग चालत नाही, त्याला बाणा पाहिजे. म्हणून मी शिल्लक सुतावर टोपलीभर कांड्या भरून ठेवल्या होत्या. शेठनं कोपऱ्यातल्या मागाचं हँडल ओढलं. खटक्-खटाक्! तेवढ्या मोठ्या रिकाम्या शेडमध्ये तो एकटा माग असा घुमला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेठ टॉवेलात तोंड लपवून उभे.

मल्लू दारात आला. उलथनं हातातच. मागाकडे बघत राहिला, मग हळूहळू जवळ येऊन त्यानं मागाच्या लाकडावर हात ठेवला, गायीच्या पाठीवर ठेवावा तसा.

मी मागाच्या पलीकडे होते, तोंडाला पदर बांधून. आणि माझा हात आपोआप उठला.

आता हे सांगायला हवं. कारखान्यात कुणी तोंडानं बोलत नाही. बोलून उपयोग नसतो. इथं हातानं बोलतात. पाच बोटं जुळवून ओठांकडे नेली आणि भुवया उडवल्या की जेवलास का. वाकडी केलेली दोन बोटं एकमेकांत अडकवून फटकन सोडवली की बाणा तुटला. अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत खुपसला की कांडी संपली, नवी घाल. मनगट पान्यासारखं फिरवलं की दुरुस्तीवाल्याला बोलव. पोटावरून मोठा गोल काढला की... ते पुढं सांगते. कुणी शिकवत नाही, कारखान्यात पोर वाढलं की त्याला येतं.

तर माझी पाच बोटं ओठांकडे गेली आणि भुवया उडाल्या. जेवलास?

आणि मल्लूनं सरळ माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तळहात पालथा केला. नाही. मग नळाकडे बोट दाखवून कडू तोंड केलं.

मी नळाशी गेले, ओंजळीनं पाणी प्याले, पोटावर हात फिरवला आणि जिवंत असल्याचं दाखवायला त्याला वाकुली दाखवली. तो हसला. नळाशी आला आणि घटाघटा पाणी प्याला, सदरा भिजेपर्यंत.

तेवढ्यात दारावर काठी आपटली. हवालदार.

"कोण चालवतंय माग?"

शेठनं हँडल सोडलं. "साहेब, चालवत न्हाई, फिरवून ठेवतोय. गंज धरतोय बंद राहिला की."

"गंज? आणि हे काय?" हवालदारांनी मागावरचं नवं कापड काठीनं उचललं. "गंज विणलाय व्हय? शेठ, माझा बाप मागावर गेला. मला शिकवू नका."

मागाचा आवाज थांबल्याबरोबर मल्लूचे डोळे पुन्हा हौदाकडे गेले. हवालदारांनी समज देऊन सोडलं, पण शेठ बाहेर येऊन माझ्यावर असे भडकले की टॉवेल सुटून खाली पडला. "बास! तुजं ऐकलं आणि अब्रू गेली. रविवारी गाडी, विषय संपला!"

मी घरी येऊन जिन्यात बसले. वर जायला पाय उचलेनात. आणि तिथं बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. मी गच्चीवरून किती ओरडले, फाटकाशी किती बोलले, बाईंनी फोन केला; ह्यानं एकाही आवाजाकडे वळून बघितलं नाही. कसा बघेल? त्याला आवाजांचा सुकाळ. माझा आवाज कुठला आणि मंडळींनी काढलेला माझा आवाज कुठला, हे त्यानं ओळखायचं कसं? पण हाताला त्यानं लगेच उत्तर दिलं होतं. मंडळींना तोंड असतं, हात नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकावर भाकरी ठेवली, गच्चीवर गेले आणि पांढरा टॉवेल हलवला. बराच वेळ हलवला. मल्लूनं वर बघितलं.

जेवलास?

त्यानं उत्तर द्यायला उलथनं खाली ठेवलं. आणि एकदम शांतता झाली. मला इतका आनंद झाला की मी कठड्याला टाळी मारली. हातानं बोलायचं तर हातात उलथनं धरून कसं चालेल? इतकं सोपं होतं ते. बोलणं लांबवलं की झालं!

मग मी बोलणं लांबवायला लागले. आयुष्यात इतकी बडबड मी कधी केली नव्हती. भाकरी खा, कावळा आला, हाकल, पिठलं कसं झालंय? त्यानं हाताचा पंजा डळमळवला: ठीक. मीठ कमी. मी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. खाली गल्लीत बायका खिडक्यांतून बघायला लागल्या.

"आता दोन झाली," तलाठी म्हणाले. "एक हुतं ते पुरं न्हवतं."

"थाळी थांबली न्हवं?" शेवंतावहिनी त्यांना म्हणाल्या. "मग नाचूदेत की." आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच हात खिडकीबाहेर आला. त्याही पूर्वी कांड्या भरायच्या. त्यांनी मला लांबूनच विचारलं, चहा झाला का. इतक्या दिवसांत मला तेवढं विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

गोळीचं मात्र अडलं. कारखान्याच्या भाषेत गोळीला खूण नाही. तिथं लागतेच कुणाला? मी गोळी, पाकीट, डॉक्टरबाईंचा चष्मा, सगळं करून बघितलं. मल्लूला वाटलं मी नकला करतेय. तो मन लावून बघत होता, मध्ये मध्ये दाद देत होता. शेवटी मी कंटाळून स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं आणि अंगठा मुठीत खुपसला. कांडी संपली. नवी घाल.

मल्लू थांबला. डोक्याला हात लावला. मग असा हसला की हौदावरून पडायचा राहिला. खोलीत गेला, औषधाचं पाकीट घेऊन आला, एक गोळी काढून मला दिसेल अशी वर धरली. मी दोन्ही हात हलवले: घाल, घाल!

त्यानं गोळी तोंडाजवळ नेली आणि थांबला. माझ्याकडे बोट केलं. अंगठा मुठीत खुपसला. भुवया उडवल्या.

तू?

मी मान हलवली. घातली, घातली.

कारखान्यात असं चालत नाही. कांडी बदलली म्हटलं की धोटा उचलून दाखवायचा असतो. त्यानं तळहात पुढे केला: दाखव. आणि गोळी हातात धरून बसून राहिला. पाच मिनिटं म्हणा, दहा म्हणा. हटेना.

मी खाली गेले. माझं पाकीट कपाटाखालच्या डब्यात होतं, डब्यावर धूळ होती. धूळ फुंकली. पाकीट घेऊन वर आले, त्याला दाखवलं, आणि समोरासमोर दोघांनी गोळ्या घेतल्या, लग्नात एकमेकांना पेढा भरवावा तशा. फक्त मध्ये गल्ली. त्यानं जीभ बाहेर काढून दाखवली. मग मलाही काढायला लावली. ते नेमकं तलाठ्यांनी बघितलं.

त्यानंतर रोज तेच. दुपारी गच्ची, अंगठा मुठीत, दाखव, जीभ. मंडळी काय म्हणतात, असं मी विचारायचे, तो हातानं पिसाळलेल्या कुत्र्याचं तोंड करायचा. पण दिवसागणिक ते तोंड लहान होत गेलं.

पण रविवार काही कुणासाठी थांबत नाही. गाडी आली. तिच्यातून डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिक घातलेला एक माणूस उतरला. आम्हीसुद्धा दचकलो, मल्लूचं काय झालं असेल! शेठ त्याला फाटकापाशी घेऊन आले. सगळी गल्ली दारात.

"नाव काय?" प्लास्टिकच्या आतून मोठ्यानं आवाज आला. "कुठं राहता? आज वार कुठला?"

मल्लूची नजर हौदाकडे गेली. हात उलथनं शोधायला लागला.

"हे असं हाय बघा," शेठ त्या माणसाला म्हणाले. "चार दिस थाळी बंद हाय, पण बोलत म्हणून न्हाई."

मी गच्चीवरून जिन्याकडे धावले, मग लक्षात आलं की तेवढा वेळ नाही. परत कठड्याशी येऊन किंचाळले, "शेठ! हातानं विचारा!"

"काय?"

"हातानं विचारा त्याला! तुमीबी मागावरच हुता की! बाबू म्हणत हुतो आमी तुमाला!"

शेठनं इकडंतिकडं बघितलं. शेठ झालेला माणूस हातवारे करत नाही. तो बोलतो आणि बाकीचे ऐकतात. पण त्यांचा उजवा हात वर आला, चुकत-माकत, अंगठ्या घातलेली पाच बोटं जुळली आणि टॉवेलापर्यंत गेली. भुवया उडाल्या.

जेवलास?

मल्लूनं मान वळवली. शेठकडे बघितलं, बोटांकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा सैल झाला. जेवलो. भाकरी. त्यानं माझ्या गच्चीकडे बोट केलं आणि पंजा डळमळवला: मीठ कमी.

मग त्यानं विचारलं, तुम्ही? आणि 'तुम्ही' म्हणताना दोन्ही हातांनी स्वतःच्या सपाट पोटापुढे एक मोठा, गोल, प्रेमळ घागरीएवढा आकार काढला.

शेठ गोंधळले. "हे काय म्हणतंय?"

शेवंतावहिनी पदरात तोंड घालून म्हणाल्या, "ती तुमची खूण हाय शेठ. कारखान्यात."

"माजी? कवापासनं?"

"तुमी शेठ झाल्यापासनं."

शेठनं खाली आपल्या ढेरीकडे बघितलं. इतकी वर्षं ज्यांच्या डोक्यावर उभं राहून कापड मोजून घेतलं त्यांनी पाठीमागे काय काढलं ते त्यांना त्या दिवशी दिसलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग ती खूण स्वतःच हलायला लागली. गल्लीही हसली. प्लास्टिकच्या आतला माणूससुद्धा. काच धुरकटली त्याची.

हसणं आवरल्यावर शेठनं कोपरापासून हात पुढे-मागे केला. माग चालवशील?

मल्लूनं मूठ वर करून उघडली. तुम्ही लाईट द्या.

"च्या घ्या आणि जावा तुमी," शेठ त्या माणसाला म्हणाले. "बोलतोय की चांगला. तुमाला ऐकाय येत न्हाई त्याला आमी काय करावं?"

ह्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. माग सुरू झाले, गाव पुन्हा बहिरं झालं. नवराबायको पुन्हा सुखानं नांदायला लागले. दवाखान्याच्या बाकावर मल्लू पुन्हा माझ्या आजाराला नावं ठेवतो.

परवा मी कांड्यांची टोपली घेऊन त्याच्या मागाशी गेले. सगळे माग दणाणत होते. त्यानं हातानंच मला थांबवलं. डाव्या तळहाताची थाळी केली, उजव्या हातानं वाजवली, वर गच्चीच्या दिशेला बोट दाखवलं, मग माझ्याकडे. आणि तळहात पालथा केला.

तू त्या दिवशी थाळी आणली नव्हतीस.

म्हणजे त्यानं बघितलं होतं.

मी त्या रविवारी गच्चीवर थाळी वाजवायला गेले नव्हते. गल्ली वाजवून आत गेली की मला जे करायचं होतं ते करायला गेले होते. सगळं ठरलेलं होतं. गल्ली आत गेली, पण ह्याची थाळी थांबेना. मी वाट बघितली, आणखी वाट बघितली. असल्या कामाला माणसाला घटकाभर शांतता लागते की नाही? शेवटी इतका संताप आला की त्याला शिव्या घालायला मी खाली उतरले. जिन्यानं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बाईंना सोडून. आणि कारखान्याच्या भाषेत त्याला खूण नाही. मी टोपली खाली ठेवली, दोन बोटं वाकडी करून एकमेकांत अडकवली आणि फटकन सोडवली.

बाणा तुटला होता.

मल्लूनं मान डोलवली, त्यात विशेष ते काय, अशा थाटात. दोन बोटांनी हवेत गाठ मारून दाखवली आणि हँडल ओढल्यासारखं केलं. जोडायचा. चालू करायचा. मग एक बोट डोळ्याला लावलं, वर गच्चीकडे नेलं, आणि पुन्हा थाळी वाजवली, जोरजोरात.

दिसलीस. म्हणून थांबलो नाही.

खरं असेल, मागाहून जुळवलेलं असेल. मंडळींच्या गराड्यात बसलेल्या माणसाला वर कठड्याशी कोण उभं आहे ते दिसलं असेल यावर मी पैज लावणार नाही. पण विरुद्धही लावणार नाही.

त्यानं अंगठा मुठीत खुपसला. भुवया उडवल्या. मी कमरेची पिशवी उघडून पाकीट दाखवलं. त्यानं तळहात पुढे केला: जीभ. भर कारखान्यात मी पन्नाशीची बाई जीभ काढून उभी राहिले.

आणि त्याच वेळी त्यानं गडबडीनं पोटापुढे मोठा गोल काढला. मी मागं वळून बघितलं. शेठ दारात उभे होते. मी टोपली उचलली.